दार दुरुस्त झाले, पण आत कोण आहे?

सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहराच्या विद्यापीठ रुग्णालयाने रुग्णवाहिकांना निरोप दिला : तातडीचे रुग्ण आमच्याकडे आणू नका. खाटा भरल्या नव्हत्या, डॉक्टर संपावर नव्हते. १० सप्टेंबरला रुग्णालयाचे सुमारे ३० सर्व्हर कुणीतरी बाहेरून ताब्यात घेऊन त्यांवरची माहिती कुलूपबंद केली होती. नोंदी उघडत नव्हत्या, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागत होत्या. त्याच दिवसांत महाधमनीचा गंभीर विकार असलेल्या एका वृद्धेला तिथे न नेता सुमारे ३० किलोमीटरवरच्या वुपर्टाल शहरात न्यावे लागले. उपचार सुरू व्हायला सुमारे तासभर उशीर झाला. त्या वाचल्या नाहीत.

कोलोनच्या सरकारी वकिलांनी या मृत्यूचा तपास केला. रुग्णाची प्रकृती मुळातच इतकी गंभीर होती की, उशिरामुळेच मृत्यू झाला हे कायद्याच्या कसोटीवर सिद्ध करता येणार नाही, असा निष्कर्ष शेवटी निघाला. तो मान्य करायलाच हवा. पण महाधमनीच्या रुग्णाच्या बाबतीत एक तास म्हणजे काय, हे कुठल्याही कॅज्युअल्टीत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

खंडणीची चिठ्ठी रुग्णालयाच्या नव्हे, शेजारच्या हाइनरिक हाइने विद्यापीठाच्या नावाने होती. तुम्ही रुग्णालय बंद पाडले आहे, जीव धोक्यात आहेत, असे पोलिसांनी कळवल्यावर हल्लेखोरांनी कुलूप उघडण्याची किल्ली देऊन टाकली आणि ते गायब झाले. तरीही अपघात विभाग पुन्हा सुरू व्हायला २३ सप्टेंबर उजाडला.

हल्लेखोर ज्या दारातून आत आले, त्या सॉफ्टवेअरचा दोष आठ महिने आधी, जानेवारीतच दुरुस्त केलेला होता. मग ते आत आले कसे? या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने समजून घ्यावे असे आहे.

दारावरचा वॉचमन

मोठ्या रुग्णालयाच्या नेटवर्कला बाहेरून आत येण्यासाठी दार ठेवावेच लागते. रेडिओलॉजिस्ट रात्री घरून सीटी स्कॅन पाहतात. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर दुसऱ्या शहरातून बिघाड तपासतो. हिशेबाचे, औषधसाठ्याचे काम करणारी माणसे वेगळ्या इमारतीत बसतात. या सगळ्यांची ओळख पटवून आत घेणारे आणि बाकीच्यांना बाहेर ठेवणारे एक सॉफ्टवेअर असते. त्याला वॉचमन म्हणू. फरक इतकाच की, इमारतीचा वॉचमन फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसतो. हा वॉचमन इंटरनेटवर असल्यामुळे साऱ्या जगाला दिसतो आणि जगात कुठेही बसलेला माणूस रात्रभर त्याची परीक्षा पाहू शकतो.

ड्युसेलडॉर्फमध्ये हा वॉचमन सिट्रिक्स या अमेरिकी कंपनीचा होता. त्यातला दोष सोप्या उदाहरणाने सांगतो. रेकॉर्ड रूमच्या खिडकीत कुणी चिठ्ठी दिली : 'बाहेरच्या टेबलावरचे माहितीपत्रक द्या.' ते कुणालाही देता येते, ओळखपत्र विचारायचे कारण नाही. पण चिठ्ठीत पुढे लिहिले असेल, 'त्या टेबलापासून एक खोली मागे जा, तिथून आणखी एक खोली मागे, तिथल्या कपाटात हात घाला,' तर कारकून थांबेल आणि वर मान करून बघेल. सॉफ्टवेअर थांबले नाही. 'मागे जा' या सूचना तपासायच्या राहून गेल्या होत्या. त्यामुळे पासवर्डच नसलेल्या माणसालाही आतपर्यंत पोहोचून आपल्या आज्ञा तिथे चालवता येत होत्या.

हा दोष १७ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर झाला. तेव्हा कंपनीकडे दुरुस्त सॉफ्टवेअर, म्हणजे पॅच, तयार नव्हता. तात्पुरता उपाय तेवढा सांगितला गेला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या दोषाचा वापर कसा करायचा, याचे तयार प्रोग्रॅम इंटरनेटवर कुणालाही मिळू लागले. पॅच आले त्यानंतर, १९ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने. पॅच आला त्याच दिवशी तो बसवला, असे ड्युसेलडॉर्फच्या रुग्णालयाने सांगितले आहे. म्हणजे आळस झाला नव्हता. पण दार उघडे असल्याचे जगाला कळणे आणि ते बंद होणे, या दोन घटनांमध्ये महिनाभर गेला होता. त्या काळात जो आत शिरला, तो दार लावल्यावर आतच राहिला. पॅच बसवलेल्या ठिकाणीही आधीच घुसलेले हल्लेखोर महिनोनमहिने तसेच असू शकतात, असा इशारा जर्मनीच्या सायबर सुरक्षा संस्थेने या घटनेनंतर दिला.

टाके घातले, पू आत राहिला

शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच शिकवले जाते की, माती लागलेली, काही तास उघडी राहिलेली जखम लगेच शिवायची नाही. आधी धुवायची, मेलेला भाग काढायचा, काही दिवस उघडी ठेवून पाहायची, मग टाके. वरून सुबक शिवलेल्या जखमेत पू झाला तर तो आधी दिसत नाही. ताप आल्यावर कळतो.

सॉफ्टवेअरच्या पॅचचेही असेच आहे. पॅच म्हणजे टाका, जंतू मारण्याचे औषध त्यात नसते. म्हणून दोष जाहीर झाल्यापासून पॅच बसेपर्यंत जितके दिवस गेले असतील, त्या दिवसांचा हिशेब मागायला हवा. त्या काळात कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, कोण आत आले? कुणाच्या नावाने नवे खाते उघडले गेले का? दारावरच्या सर्व्हरवर आपण न ठेवलेली फाइल दिसते का? त्या दारातून ये-जा केलेले सगळे पासवर्ड बदलले का? आणि शंका फिटत नसेल तर तो सर्व्हर पूर्ण पुसून नव्याने उभा केला का?

हे करायला एक गोष्ट आधीपासून हाताशी असावी लागते : नोंदवही. कोण कधी आले-गेले याची नोंद हे सॉफ्टवेअर ठेवत असते, पण जागा वाचवण्यासाठी जुनी नोंद थोड्या दिवसांत पुसली जाईल अशी व्यवस्था अनेकदा असते. मग संशय येतो तेव्हा पाहायला पानेच उरत नाहीत. साथीच्या रोगात पहिला रुग्ण शोधायला जुने केसपेपर लागतात, तशीच ही गरज आहे. काही महिन्यांची नोंद वेगळ्या जागी जपून ठेवणे हा स्वस्तातला उपाय आहे.

अपडेट का लांबते?

ड्युसेलडॉर्फने पॅच लगेच बसवला. बहुतेक ठिकाणी तसे होत नाही. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधला एक गंभीर दोष दुरुस्त केला. १२ मे रोजी त्याच दोषाचा फायदा घेत 'वॉनाक्राय' जगभर पसरला. मधे जवळपास दोन महिने होते. तरीही इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-ट्रस्टना त्याचा फटका बसला आणि किमान ६,९१२ अपॉइंटमेंट रद्द झाल्याची नोंद झाली. त्यांत कर्करोगाच्या संशयावरून तातडीने तपासायचे रुग्णही होते.

डॉक्टर म्हणून मला यामागचे कारण परके वाटत नाही. बँक रविवारी बंद असते, रुग्णालय कधीच नसते. संगणक विभागाने 'रात्री दोन तास सिस्टीम बंद ठेवू' म्हटले की, आयसीयूतून, रक्तपेढीतून, प्रसूतिगृहातून विरोध येतो आणि तो खोटा नसतो. आज नको, पुढच्या आठवड्यात बघू, असे होत होत महिने जातात. ज्याने पॅच थांबवला तो रुग्णासाठीच थांबवतो. फक्त पुढे ढकललेल्या दोन तासांच्या बदल्यात पुढे दोन आठवडे बंद पडू शकतात, हा हिशेब त्या वेळी समोर मांडलेला नसतो.

दुसरी भीतीही खरी आहे. दुरुस्तीतच दोष असला तर? १९ जुलै २०२४ रोजी नेमके हेच झाले. क्राउडस्ट्राइक या कंपनीचे सुरक्षा सॉफ्टवेअर जगभरच्या संगणकांवर पहारा देत होते. त्याला नव्या धोक्यांची माहिती देणारी एक छोटी फाइल पाठवली गेली. तिच्यातल्या नियमांना २१ रकाने हवे होते, सॉफ्टवेअर पुरवत होते २०. एकविसावा रकाना वाचायला गेलेले सॉफ्टवेअर नको त्या ठिकाणी पोहोचले आणि विंडोजसकट कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने थांबली आणि अनेक देशांत रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. यात हल्लेखोर कुणीच नव्हता. रखवालदारच दारात आडवा पडला होता.

यातून अपडेट टाळण्याचा धडा घ्यायचा नाही. नवे औषध आपण एकाच दिवशी सगळ्या देशाला देत नाही. आधी थोड्यांना देतो, लक्ष ठेवतो, मग संख्या वाढवतो. सॉफ्टवेअरची दुरुस्तीही आधी चार-पाच कमी महत्त्वाच्या संगणकांवर, मग एका विभागात, मग सगळीकडे अशी जावी. बिघडलेच तर मागच्या स्थितीला परत जाण्याची वाट आधीच ठरलेली असावी. मात्र ज्या दोषाचा वापर प्रत्यक्ष हल्ल्यांत सुरू झाला आहे, त्यासाठी हा क्रम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उरकावा लागतो. दोन आठवडे वाट पाहण्याची चैन तिथे नसते.

नवे कुलूप आणि कॅज्युअल्टीची घाई

जुने दोष काढणे हा कामाचा अर्धा भाग झाला. दाराला नव्या सोयीही लागतात. त्यांतली सगळ्यांच्या ओळखीची म्हणजे दुहेरी ओळख : पासवर्ड टाकल्यावर मोबाइलवर आलेला क्रमांक किंवा संमतीची सूचना. बँकेमुळे आपल्याला ती अंगवळणी पडली आहे. ती नसली की काय होते, हे अमेरिकेत २०२४ मध्ये दिसले. विमा आणि औषधांच्या बिलांचे प्रचंड व्यवहार हाताळणाऱ्या 'चेंज हेल्थकेअर' या कंपनीच्या एका दारातून १२ फेब्रुवारीला हल्लेखोर चोरलेला पासवर्ड वापरून आत शिरले. बाहेरून उघडणाऱ्या प्रत्येक दारावर दुहेरी ओळख हवी, असा मूळ कंपनीचा नियम होता. या एका दारावर ती नव्हती. नऊ दिवसांनी सगळे कुलूपबंद झाले. औषध दुकानांत विमा चालेना, लहान दवाखान्यांची बिले अडकली, २ कोटी २० लाख डॉलर खंडणी दिली गेली आणि सुमारे १९ कोटी लोकांची माहिती या प्रकरणात सापडली.

मग प्रत्येक संगणकावर, प्रत्येक वेळी दुहेरी ओळख सक्तीची करावी का? इथे जरा थांबायला हवे. अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक रुग्णालयांच्या २०१२ ते २०१६ या काळातल्या माहितीचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांतून माहिती चोरीला गेली, तिथे पुढच्या तीन वर्षांत छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी निघायला २.७ मिनिटांपर्यंत जास्त वेळ लागू लागला. हार्ट अटॅकनंतर ३० दिवसांत होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाणही ०.३६ टक्के-अंकांपर्यंत वाढलेले आढळले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही. पण चोरीनंतर घाईने बसवलेली नवी कुलुपे डॉक्टर-नर्सच्या हाताचा वेग कमी करत असावीत, ही संशोधकांची शंका मला पटते.

हातात ग्लोव्ह्ज आहेत, मोबाइल ॲप्रनच्या आत आहे, समोर रुग्ण घामाघूम झाला आहे आणि पडदा म्हणतो, 'ओळख पटवा.' अशा वेळी माणूस वाट काढतो. सकाळी एकाने लॉगिन केलेला संगणक दिवसभर सगळे वापरतात. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला सापडतो. मग एका निवासी डॉक्टरच्या नावावर दिवसाकाठी शेकडो नोंदी होतात आणि चुकीचा डोस नेमका कुणी लिहिला, हे कुणालाच सांगता येत नाही. याला बेशिस्त म्हणून परिपत्रक काढल्याने ते थांबत नाही. कामाच्या जागी न बसणारे कुलूप बसवले, हा सॉफ्टवेअरचाच दोष मानून तो दुरुस्त करायला हवा.

त्याचे मार्ग आहेत. बाहेरून येणाऱ्या दारावर दुहेरी ओळख नेहमीच हवी, त्याला अपवाद नको. वॉर्डातल्या संगणकावर गळ्यातले ओळखपत्र टेकवून, पाळीच्या सुरुवातीला एकदा पिन देऊन काम भागू शकते. तातडीच्या वेळी 'काच फोडा' पद्धतीची वाट असावी : आगीच्या घंटेसारखी. कोणताही डॉक्टर ती वापरून रुग्णाची नोंद लगेच उघडू शकतो, पण वापर नोंदला जातो आणि दुसऱ्या दिवशी कारण विचारले जाते.

आणखी एक धडा आयसीयूकडून घेण्यासारखा आहे. मॉनिटर दिवसभर विनाकारण वाजत राहिले की, खरा अलार्मही कानाला कळत नाही. दुहेरी ओळखीच्या सूचनांचे तसेच झाले. चोरलेला पासवर्ड हाती आल्यावर हल्लेखोर मध्यरात्री मोबाइलवर एकामागून एक 'संमती द्या' अशा सूचना पाठवू लागले. अर्धवट झोपेतला माणूस कटकट थांबवायला कधीतरी 'हो' दाबतो. यावर काढलेली सुधारणा साधी आहे. लॉगिनच्या पडद्यावर दोन अंकी आकडा दिसतो आणि तोच मोबाइलवर टाकावा लागतो. समोर पडदा नसलेला माणूस चुकून 'हो' म्हणूच शकत नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या ओळख-ॲपमध्ये ही सोय मे २०२३ पासून सर्वांना लागू केली. माणसाच्या थकव्याचा विचार करून केलेली ही सुधारणा आहे आणि रात्रपाळी करणाऱ्यांना तिचे मोल अधिक कळेल.

आतली दारे

समजा इतके सगळे करूनही कुणी आत आलेच, तर तो कुठवर जाऊ शकतो? दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हा प्रश्न उभा राहिला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. ओपीडीची नोंदणी, भरती, बिले, प्रयोगशाळेचे अहवाल असे सगळे साधारण दोन आठवडे हाताने चालवावे लागले. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सरकारने संसदेत सांगितले. ई-हॉस्पिटलची माहिती मात्र परत मिळाली, कारण तिची एक प्रत हल्ला न पोहोचलेल्या सर्व्हरवर होती.

नेटवर्कचे भाग वेगळे करणे म्हणजे वॉर्डांच्या मध्ये दारे घालणे. क्षयरोगाचा, गोवराचा रुग्ण आपण सर्वसाधारण वॉर्डात ठेवत नाही. रुग्णालयातली काही यंत्रे संगणकीय अर्थाने कायमची अशक्त असतात. एखाद्या सीटी स्कॅनरला किंवा रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक जुन्या विंडोजवर चालतो. अपडेट टाकले तर यंत्राच्या अचूकतेची हमी राहणार नाही, असे पुरवठादार सांगतो आणि नवे यंत्र घ्यायला निधी नसतो. अशा यंत्राला पॅच मिळणार नाही, हे गृहीत धरूनच त्याला वेगळ्या भागात ठेवावे लागते. त्याने ठरावीक सर्व्हरशीच बोलावे, इंटरनेटशी बोलू नये. प्रतीक्षालयातल्या नातेवाइकांचे वायफाय आणि आयसीयूचे मॉनिटर एकाच तारेवर असू नयेत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाला आपण काही लशी देऊ शकत नाही, तेव्हा त्याच्या आजूबाजूच्यांना देतो. तोच विचार इथे आहे.

हे काम कुणाचे?

रुग्णालयातला संसर्ग रोखणे हे पूर्वी सफाई विभागाचे काम समजले जाई. हळूहळू संसर्ग नियंत्रण समित्या आल्या. त्यांत सर्जन, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, नर्स एकत्र बसू लागले, आकडे मांडू लागले आणि हात धुणे सगळ्यांचे काम झाले. नेटवर्कच्या दाराची देखभालही त्याच वाटेने जायला हवी. आज ती एखाद्या कंत्राटी तंत्रज्ञाच्या खांद्यावर असते आणि त्याला आयसीयूच्या प्रमुखांना 'दोन तास द्या' म्हणायचे धैर्य नसते. ते दोन तास महिन्यातल्या कोणत्या रात्री द्यायचे, हे वैद्यकीय अधीक्षकांनी आणि विभागप्रमुखांनी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून दिले, तर प्रत्येक वेळी भांडण होणार नाही. खरेदीच्या निविदेतही यंत्र किती वर्षे चालेल याबरोबर त्याचे सॉफ्टवेअर किती वर्षे दुरुस्त करून मिळेल, ही अट असावी.

वाचकांनाही यात जागा आहे. जिथे उपचार घेता, तिथे विचारा : नोंदीची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवता का? सिस्टीम बंद पडली तर काय करता? आपल्या औषधांची यादी, ॲलर्जी, रक्तगट, मधुमेह-रक्तदाबाचे शेवटचे आकडे आणि महत्त्वाचे अहवाल एका कागदावर किंवा फाइलमध्ये घरी ठेवा. हे सल्ले जुनेच आहेत, पण एम्सच्या त्या दोन आठवड्यांत ज्याच्या हातात फाइल होती, त्याचे काम नक्कीच सोपे झाले असेल.

आणि रुग्णालयांनी वर्षातून एकदा आगीच्या सरावासारखा एक सराव करावा. एका सकाळी चार तास संगणक नाही असे धरायचे. कागदी केसपेपर छापलेले आहेत का, प्रयोगशाळेचा अहवाल वॉर्डात कोण घेऊन जाईल, रक्तगटाची नोंद कुठून मिळेल, नव्या पिढीच्या निवासी डॉक्टरांना हाताने डिस्चार्ज कार्ड लिहिता येते का, हे पाहायचे. जिथे अडेल तिथली यादी करायची आणि ती संगणक विभागाबरोबर बसून वाचायची. कोणते दार आधी दुरुस्त करायचे, हे त्या यादीवरूनच कळेल.